पहिल्या बेसवर कोण?

काउंटरवर बसलेल्या माणसाने हसू नये, असा रिझर्व्ह बँकेचा काही लेखी नियम नाही. तरीपण वीस-एक वर्षांच्या नोकरीत आमचा चेहरा आपोआपच मिटलेल्या पासबुकासारखा होतो. आत शिल्लक किती ते बाहेरून कळत नाही. तर अशाच एका सोमवारी, रांग पार दारापर्यंत गेलेली असताना, खिडकीशी आलेल्या गृहस्थांना मी मान वर न करता विचारले, "नाव?"

"आठवले."

मी पेन उचलून थांबलो. आठवले म्हणताहेत, म्हणजे आता सांगतील. ते माझ्या पेनाकडे बघत थांबले. नाव सांगितले, म्हणजे आता हा लिहील. गृहस्थ धोतर-टोपीतले, पुस्तकी मराठी बोलणारे वाटत होते, त्यामुळे 'आठवलं' ऐवजी 'आठवले' हे मला खटकलेही नाही. शेवटी मीच म्हणालो, "आठवलं ना? मग सांगा की."

"सांगितले."

"काय सांगितलंत?"

"आठवले!"

रांगेतल्या तिसऱ्या माणसाला आधी कळले. तो हसला, तेव्हा मला कळले.

रात्री जेवताना हा किस्सा मी घरी सांगितला. सौ. सभ्यपणे हसली, कारण आडनावांचे विनोद ती लग्नापासून ऐकत आली आहे. पण चिरंजीव म्हणाले, "बाबा, हा तर 'हूज ऑन फर्स्ट'!" आणि आमटीच्या वाटीला मोबाईल टेकवून त्यांनी मला एक जुनाट, काळापांढरा तुकडा दाखवला. एक उंच, शिडशिडीत, हॅट घातलेला माणूस; एक बुटका, गोल, हातात बॅट घेतलेला. उंच तो बड ॲबट, बुटका तो लू कॉस्टेलो. आमटी गार झाली आणि माझी झोप गेली ती त्या दिवसापासून.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बेसबॉलच्या मैदानाला चार कोपरे. एक घरचा, म्हणजे फटका मारणाऱ्याचा, आणि बाकीचे पहिला, दुसरा, तिसरा बेस. प्रत्येक बेसवर एक खेळाडू राखणीला असतो. ॲबटला टीमची सगळी नावे ठाऊक आहेत आणि कॉस्टेलोला ती समजून घ्यायची आहेत. घोळ एवढाच, की पहिल्या बेसवरच्या खेळाडूचे नाव 'हू' आहे, दुसऱ्यावरच्याचे 'व्हॉट' आणि तिसऱ्यावरच्याचे 'आय डोन्ट नो'. आपल्या भाषेत कोण, काय आणि माहीत नाही. "पहिल्या बेसवर कोण?" असे विचारले की ॲबट "हो" म्हणतो. पुढची पाच-सात मिनिटे कॉस्टेलो घामाघूम होतो आणि आपण हसून घामाघूम होतो. (क्रिकेटवाल्यांनी बेसबॉलला हसू नये. ज्या खेळात 'सिली पॉइंट' आणि 'थर्ड मॅन' नावाच्या जागा आहेत, त्या खेळाला असल्या विनोदासाठी वेगळे लेखक नेमावे लागत नाहीत.)

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. चार आण्यांचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत खातेवह्या उलट्या चाळत जायचे, हे आमचे शिक्षण. हा विनोद मूळचा कुठून जमा झाला, ते शोधल्याशिवाय मला चैन पडेना.

टेलिव्हिजनवर तो १९५० च्या दशकात आला. 'द ॲबट अँड कॉस्टेलो शो' नावाची यांची मालिका १९५२ ते १९५४ चालली आणि भाग ५२. मालिका म्हणजे यांच्या जुन्या रंगमंचीय नकलांचे कोठारच, त्यात हा प्रवेशही आहे. मात्र तिथे दोघे पाठ झालेली आरती म्हणावी तशा वेगाने तो म्हणून टाकतात. टाळ्या बरोबर वाजतात, पण देव्हाऱ्याकडे कोणाचे लक्ष नाही असे वाटते. १९४५ च्या 'द नॉटी नाइन्टीज' या चित्रपटातला प्रयोग माझ्या मते सर्वांत चांगला. त्याआधी १९४० च्या चित्रपटात त्याचा तुकडा आहे. त्याही आधी मार्च १९३८ मध्ये केट स्मिथच्या रेडिओ कार्यक्रमातून तो सगळ्या अमेरिकेने ऐकला. रेडिओवर एक अडचण अशी झाली, की दोघांचे आवाज सारखे! बोलतोय कोण ते श्रोत्यांना कळेना. (म्हणजे विनोदाच्या बाहेरही तोच विनोद.) म्हणून कॉस्टेलोने आपला आवाज चढवून किनरा केला. टीव्हीवर आपण ज्या किंचाळीला हसतो, ती अशी रेडिओची देणगी आहे.

रेडिओच्या मागे गेलो तर अमेरिकेतले 'बर्लेस्क' नावाचे थिल्लर रंगमंच लागले. तिथे हा माल कोणाच्याच मालकीचा नव्हता. बेकरीचा एक प्रवेश होता; त्यात बेकरी 'वॅट' रस्त्यावर, त्यामुळे "कुठल्या रस्त्यावर?" या प्रश्नाचे उत्तर प्रश्नच. दुसऱ्यात रंगाऱ्याच्या दुकानाच्या मालकाचे नाव 'हू', आणि कापड रंगवणे व माणूस मरणे यांचा इंग्रजीतला उच्चार एकच, तेव्हा पुढे काय झाले असेल ते तुम्हीच ताडा. १९३१ च्या 'क्रॅक्ड नट्स' या चित्रपटात व्हीलर आणि वुल्सी हे दोघे नकाशा बघतात, त्यात गावांची नावे 'व्हॉट' आणि 'व्हिच'. तिकडे इंग्लंडमध्ये विल हे नावाचा नट मास्तर होऊन 'हाउ' नावाच्या पोराची चौकशी करायचा, आणि पोरगा 'वेअर' गावचा!

इथवर आलो तेव्हा माझ्या लक्षात आले, की मूळ शोधणारे सगळे शब्दाच्या कोटीमागे धावतात. कोटी काय, रस्त्यावर पडलेली असते. बर्लेस्कमधला माल उचलून ॲबट-कॉस्टेलो आणि त्यांच्या लेखकांनी त्यात नेमकी भर कसली घातली, हा खरा प्रश्न. माझे उत्तर आहे, तिसरा बेस.

बघा हं. दुकानाच्या प्रवेशात एक नाव चुकीचे समजते, एक हशा होतो, संपले. इथे कॉस्टेलो 'कोण'मध्ये अडकतो, तिथून सुटायला 'काय' विचारतो आणि दुसऱ्या बेसवर जाऊन आदळतो. शेवटी थकून, अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, मला माहीत नाही. आणि ॲबट शांतपणे सांगतो, तो तिसऱ्या बेसवर आहे! म्हणजे अज्ञान कबूल करायचीसुद्धा सोय ठेवलेली नाही. जगातल्या कुठल्याही वादातून बाहेर पडायचे जे एकमेव दार असते, 'बाबा रे, मला काही कळत नाही', त्या दारावरच यांनी खेळाडू उभा केला. पुढे डाव्या मैदानात 'व्हाय' आहे, मध्यभागी 'बिकॉज', गोलंदाज 'टुमॉरो', झेलणारा 'टुडे'. ती सगळी शोभेची झुंबरे. छत तोलून धरणारी तुळई म्हणजे 'आय डोन्ट नो'.

दुसरी भर पैशाची. मधेच कॉस्टेलोला एक अक्कलहुशारीची वाट सुचते. नाव सोडा, महिन्याच्या महिन्याला पगार होतो ना, पैसे घेतो कोण? ॲबट म्हणतो, अर्थातच, पै अन् पै. कष्टाचे आहेत त्याचे. कधी कधी त्याची बायको येऊन घेऊन जाते. इथे मी आमटीत ठसकलो. एरवी खेळातली माणसे हसवतात, पण हा प्रवेश पगारपत्रकाशी आला की कारकुनाच्या पोटात कालवते. पैसे कोणाला द्यायचे हे ज्याला कळत नाही त्याची तडफड आम्ही रोज बघतो. आणि ॲबटही रोज बघतो, आरशात.

कारण ॲबट एकही शब्द खोटा बोलत नाही, ही या प्रवेशाची सगळ्यात भयंकर गोष्ट आहे. तो चिडत नाही, कंटाळत नाही, हाकलून देत नाही. प्रत्येक प्रश्नाचे बिनचूक उत्तर देतो. एकदाच, फक्त एकदाच, "अहो, 'हू' हे त्याचं आडनाव आहे बरं का" एवढे म्हणाला असता तर सगळे संपले असते. ते तो म्हणत नाही, कारण त्याला यादी पाठ आहे आणि यादी पाठ असणाऱ्याला ती कोणाला पाठ नसेल हे सुचतच नाही.

यावरून आठवले. (हे गृहस्थ नव्हेत, मला आठवले.) दोन-तीन वर्षांपूर्वी एक आजी खिडकीशी आल्या होत्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. संवाद असा झाला:

"साहेब, ह्यांची ठेव होती. पैसे कोणाला मिळतील?"

"नॉमिनीला, आजी."

"नॉमिनी कोण?"

"ज्यांचं नाव दिलंय ते."

"कोणाचं दिलंय?"

"ते ठेवीदाराला माहीत असतं."

"ते तर गेले."

"हो ना, म्हणूनच तर नॉमिनी लागतो."

माझे एकही उत्तर चूक नव्हते. बँकिंगच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते. आजी कॉस्टेलोसारख्या किंचाळल्या नाहीत. "बरं" म्हणाल्या, बाकावर जाऊन बसल्या, कागद पुन्हा घडी करून पिशवीत ठेवले आणि बऱ्याच वेळाने निघून गेल्या. मी "नेक्स्ट" म्हटले. ती चित्रफीत बघेपर्यंत मला हा प्रसंग विनोदी किंवा गंभीर, कसलाच वाटला नव्हता. तो फक्त दुपारचा वाटला होता.

१९८८ च्या 'रेन मॅन' चित्रपटात डस्टिन हॉफमनने साकारलेला रेमंड बिथरला की हाच प्रवेश एकटाच, एका सुरात पुटपुटत राहतो. तो ते कोडे समजून सोडवू पाहतो, आणि त्याचा भाऊ वैतागून सांगतो, की हे कोडे नाही, यातून काही सुटायचे नाही. ॲबट-कॉस्टेलोवर मोठमोठ्या लोकांनी लिहिले, टीव्हीच्या विनोदातला अलीकडचा बादशहा जेरी साइनफेल्ड याने १९९४ मध्ये त्यांच्यावर कार्यक्रम केला. पण या प्रवेशावरची सर्वांत चांगली समीक्षा मला विचाराल तर त्या रेमंडची. हशा काढून घेतल्यावर काय उरते, ते त्याने दाखवले.

असो. मालकीचे सांगायचे राहिले. अमेरिकेतल्या एका नाटकात हातमोज्याची बाहुली घेऊन एक मुलगा हा प्रवेश करतो आणि आपणच तो रचला अशी मुलीपुढे फुशारकी मारतो. ॲबट-कॉस्टेलोचे वारस कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने २०१५ मध्ये दावा फेटाळला. वरच्या कोर्टाने २०१६ मध्ये काय म्हणावे? नाटकवाल्यांचा हा वापर काही रास्त म्हणता येत नाही. परंतु प्रवेशाचा हक्क वारसांकडे कसा आला, त्याची कागदपत्रे पुरेशी नाहीत, सबब दावा नामंजूर! वाचून मला त्या न्यायमूर्तींना आमच्या शाखेत चहाला बोलवावेसे वाटले. विनोदाचा मालक कोण, याचे सरकारी उत्तर शेवटी तिसऱ्या बेसवरच गेले.

इथे माझा शोध संपायचा. पण आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहतात. ते हसत नाहीत. हसणे हे त्यांच्या मते मराठी माध्यमाचे काम आहे. होमरच्या महाकाव्यातला ओडिसियस एकाक्ष राक्षसाला आपले नाव 'कोणी नाही' असे सांगतो आणि डोळा फुटलेला राक्षस "मला कोणी नाही मारले" म्हणून ओरडतो, तेव्हा विनोद ग्रीकांचा असावा, असे मी त्यांना ऐटीत सांगितले.

"कोणी नाही, हे ठीक," सर म्हणाले. "पण तुम्हाला 'कोण' हवाय ना? तो आपल्याकडे देव आहे."

मला वाटले सरांचे वय झाले. पण त्यांनी ग्रंथच काढला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हिरण्यगर्भाचे एक सूक्त आहे. त्यातल्या नऊ ऋचांच्या शेवटी ऋषी एकच प्रश्न विचारतो, की आम्ही हवी अर्पण करावा तो कोणत्या देवाला? दहाव्या ऋचेत प्रजापती असे उत्तर आहे. ती ऋचा मागाहून जोडलेली असावी असे अभ्यासक मानतात. (नऊ रकाने रिकामे बघून ज्याला राहवले नाही, तो आमच्याच खात्यातला असणार.) पुढे ब्राह्मणग्रंथ लिहिणाऱ्यांनी काय केले, तर 'कोण' हा प्रश्नच नाही, ते देवाचे नाव आहे असे ठरवले. ऐतरेय ब्राह्मणात गोष्टच आहे. वृत्राला मारून आलेला इंद्र प्रजापतीला म्हणतो, तू जो आहेस तो मी होणार. प्रजापती म्हणतो, मग मी कोण? इंद्र म्हणतो, तू आत्ता म्हणालास ना, तोच! म्हणून प्रजापतीचे नाव 'क', म्हणजे कोण.

मी खुर्चीतून उठलो. हजारो वर्षांपूर्वीचा ॲबट, आणि तो साक्षात इंद्र! मॅक्स म्युलरला हा प्रकार मुळीच आवडला नव्हता. या लोकांनी प्रश्नार्थक सर्वनामालाच देव करून टाकले, अशी त्याची तक्रार होती. म्हणजे कॉस्टेलोचे कामही त्या पंडिताने बजावून ठेवले आहे.

"व्याकरणकारांनी यावर वाद घातलाय," सर म्हणाले. "सर्वनाम जर कोणाचं नाव म्हणून वापरलं, तर ते सर्वनाम राहत नाही, त्याचे प्रत्यय बदलतात. पतंजलीने महाभाष्यात हीच चर्चा केलीय. 'कोणाला' असं विचारायचं असेल तर कस्मै. पण 'क' नावाच्या देवाला द्यायचं असेल तर काय."

"काय?"

"हो. काय."

"नाही, मी विचारतोय सर, की 'क' नावाच्या देवाला द्यायचं असेल तर काय?"

"तेच सांगतोय. काय."

"अहो, पण काय?"

"अहो, चतुर्थी! रामाय, देवाय, काय!"

सरांच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या म्हणून निभावले. पहिल्या बेसवरच्या 'कोण'ला चतुर्थी लावली की तो थेट दुसऱ्या बेसवर 'काय' होऊन उतरतो, आणि हे संस्कृत-मराठीच्या सीमेवरच घडू शकते. ॲबट-कॉस्टेलोच्या लेखकांना हे ठाऊक असते तर त्यांनी मैदान सोडले असते. इंग्रजीत हा विनोद फक्त कानाचा आहे. कागदावर 'हू'चे पहिले अक्षर मोठे काढले की भांडण मिटते. आमच्या देवनागरीत अक्षरे लहानमोठी नसतात, त्यामुळे 'आठवले' कागदावर उतरल्यावरही आठवलेच राहतात. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्याने शब्द उलटा धरून समोरच्याला घुमवायचे, या खेळावर पिढ्यान् पिढ्या पोट भरले ते काही उगीच नाही. फरक एवढाच, की आमचा सोंगाड्या मुद्दाम चुकीचे समजतो आणि प्रतिष्ठितांची फजिती करतो. अमेरिकेत खरेच न समजणाऱ्याची फजिती होते. मला स्वतःला सोंगाड्याची बाजू जास्त न्यायाची वाटते.

विनोदाने मात्र खऱ्या आयुष्यात येऊन दाखवले. २००७ च्या सप्टेंबरात तैवानचा चिन-लुंग हू नावाचा खेळाडू लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात आला. त्याने फटका मारला, पळाला आणि पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. समालोचक होते विन स्कली, त्या संघाचे समालोचन १९५० पासून करणारे. ॲबट-कॉस्टेलोची आठवण काढून ते वाक्य त्यांनी उच्चारले. रेडिओवरच्या त्या प्रयोगाला तेव्हा ६९ वर्षे झाली होती. एक वाक्य खरे होण्यासाठी एवढी वाट बघावी लागली, तरी आमच्याकडे काही ठेवींची मुदत याहून मोठी वाटते.

ठेवींवरून, त्या आजी. मी जुन्या कागदांत त्यांच्या यजमानांचे नाव शोधले. रक्कम तशीच पडून होती. फोन नंबर होता, लावला, नातवाने उचलला. चार दिवसांनी आजी आल्या, तीच पिशवी. मी खिडकी सोडून बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो (मागून मॅनेजर खाकरले, ते मी ऐकले नाही असे दाखवले), आणि फॉर्म मीच भरायला घेतला. नॉमिनीचे नाव तर पहिल्या दिवशीसुद्धा माझ्या समोरच्या स्क्रीनवर, एक बटण दाबण्याच्या अंतरावर होते. ते मी त्यांना वाचून दाखवले.

आजींनी चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "म्हणजे कोण ते मीच होय?"